आवाज नसलेली दुपार

आधीच सांगून ठेवतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते हसायला. जेवताना मोबाईल हातात घ्यायचा, एखादा किस्सा मोठ्यानं वाचायचा आणि बायकोला म्हणायचं, "याला साधी ॲसिडिटी झाली होती बघ, अन् हा म्हणते छातीवर कोणीतरी बसलं होतं." ती म्हणायची, लोकांची अशी मजाक करू नये. पण हसायची तीही.

गोंदियात माझं बत्तीस वर्षांपासून मेडिकलचं दुकान आहे. बाहेरची बाधा झाली म्हणून लिंबू उतरवून दमलेले लोक शेवटी माझ्याच काउंटरवर येतात, तापाची गोळी नेतात आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागतात. त्यामुळे माझा विश्वास औषधाच्या डब्यात घडी करून ठेवलेल्या त्या बारीक अक्षरांच्या कागदावर. आजही बराचसा तिथंच आहे. पण एक गोष्ट त्या कागदात कुठं बसत नाही... म्हणून लिहायला बसलोय. घाबरण्यासारखं यात काही नाही. ज्यांना अंगावर काटा हवा असेल त्यांनी दुसरा अनुभव वाचावा.

घर मुर्रीला, म्हणजे गोंदियाच्या अगदी काठावर. दुकान बाजारात, स्कूटरनं पंधरा मिनिटं. दुपारी एकला शटर ओढायचं, घरी जेवायचं आणि सव्वादोनला निघायचंच, कारण तीनला डॉक्टरांच्या ओपीडी सुरू होतात अन् चिठ्ठ्या घेऊन लोक उभे राहतात. हा नेम मी कधी मोडला नाही. आमचा पंकज झाला त्या दिवशीसुद्धा मी संध्याकाळी दुकान उघडलं होतं. निर्मला, माझी बायको, हे आल्यागेल्याला सांगायची. तक्रार म्हणून नाही, कौतुकानंच.

निर्मला मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेली. गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, भरत होत्या तेव्हा.

त्या दुपारी जेवणं झाली आणि ती ताटं न उचलता तशीच बसून राहिली. म्हणाली, "छातीत कसंतरी होऊन राहिलं. खांदाही दुखते."

"गॅस वर चढला," मी म्हणालो. "काल मंडईत भजे खाल्ले न तू."

मेडिकलवाल्याच्या खिशात एखादी स्ट्रिप असतेच. गॅसची एक गोळी काढून दिली, पाण्याचा गिलास दिला, ती गिळेपर्यंत उभा राहिलो.

"बसा न जराशे," ती म्हणाली. "जीव घाबरून राहिला."

"गोळीले वेळ लागते. तू पड. मी येतो संध्याकाळी."

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळ पाहिल्याचं पक्कं आठवतं, कारण पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो. मनातल्या मनात चिडलो, तेवढं तरी बरं.

साडेचारला शेजारच्या पटलेवहिनी भांडं परत करायला आल्या तर ही छपरीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खाटेवर कुशीवर पडलेली. त्यांना वाटलं झोपली. दोनदा हाक मारली, मग हात लावून पाहिला आणि मला फोन केला. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, एक तास तरी होऊन गेला असेल. बायकांना कधी कधी असंच होतं, खांदा दुखतो, जीव घाबरतो, लोक गॅस समजतात. मला काय सांगता? दुसऱ्या कोणाच्या बायकोनं काउंटरवर येऊन हेच सांगितलं असतं तर मी गोळी दिलीच नसती. म्हटलं असतं, "पहले ईसीजी निकालो, फिर बात करो." शेकडो लोकांना तसं म्हटलंय मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

झोप गेली ती त्या दिवसापासून. डोळा लागायचा कसाबसा दोन तास. बाकीचा वेळ मी दोन वीस ते साडेचारमध्ये घालवायचो. मी स्कूटर काढल्यावर काय झालं? तिनं हाक मारली का मला? तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, त्यात कोणाला केलेला कॉल नव्हता, एवढंच काय ते माहीत. बाकी त्या दोन तासांत मी रोज काहीतरी नवीन भरत बसायचो. एकदा ती फोनकडे सरपटत जातेय. एकदा माझं नाव घेतेय – जे तिनं जन्मात कधी घेतलं नाही. असे अकरा महिने काढले.

पंकज नागपूरला नोकरीला आहे. रोज संध्याकाळी त्याचा फोन. "बाबा, साऱ्या दुनियेले औषध देता, स्वतःले दाखवा न कोणाले." मी टाळत गेलो. शेवटी दसऱ्याच्या आधी तोच आला आणि मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी झोपेची नेहमीची गोळी दिली नाही, तिची सवय लागते. उदासीवर देतात ती एक जुनी गोळी दिली, पण अगदी कमी डोसमध्ये. नाव लिहीत नाही. मला आमचे लोक माहीत आहेत, उद्या कोणीतरी हा मजकूर दाखवून काउंटरवर तीच गोळी मागेल. एवढंच सांगतो की उदासीसाठी जेवढी लागते त्याच्या मानानं ही चिमूटभरच, पण तेवढ्यानंही गुंगी येते आणि झोप लागते.

ही गोळी मी हजारो लोकांना दिली असेल. "मुँह थोडा सूखेगा, घबराना नहीं," असं म्हणून. तोंड सुकणं म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी कळलं. पहिल्या सकाळी उठलो तर जीभ टाळूला चिकटलेली, कोणी तोंडात कापूस कोंबून गेल्यासारखी. जवळच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं सकाळी छोटी विमानं घेऊन आकाशात घिरट्या घालतात. अकरा महिने मी त्यांच्या कितीतरी आधी उठून बसलेला असायचो. त्या दिवशी त्यांच्या घरघरीनं मला जाग आली. आठ वाजले होते. मी झोपलो होतो! आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. ती गेली अन् मी झोपा काढतोय, असं वाटलं.

डोकं अकरापर्यंत जड. दुकानात एकच चिठ्ठी तीनदा वाचली तेव्हा कळली. खाली वाकून उठलो की डोळ्यापुढं अंधारी. भूक मात्र अशी की डबेवाल्या मावशीला भात दुप्पट पाठवायला सांगितलं. हे सगळं कागदात लिहिलेलं आहे, ओळीनं. स्वप्नंही लिहिलेली आहेत – 'सुरुवातीला ठळक स्वप्ने पडू शकतात.' मी वाचलं होतं. पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडतानाची गोष्ट. मी आमच्या घरात होतो, छपरीच्या दारात, लाइटच्या मीटरखाली. ऊन दुपारचं. निर्मला खाटेवर बसली होती, अंगावर त्या दिवशीचीच जांभळी साडी, एक हात छातीवर. मला ती दिसत होती, तिला मी नाही. आणि आवाज कसलाच नव्हता. पाखराचा नाही, रस्त्यावरच्या गाडीचा नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं दिसतात तशी ती दिसत होती. मी ओरडलो, "निर्मला, चाल, दवाखान्यात जाऊ." माझाही आवाज आला नाही. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

ठीक आहे म्हटलं. ज्याचा विचार अकरा महिने केला ते स्वप्नात येणारच.

पण चौथ्या दिवशी स्वप्न पुन्हा तिथूनच सुरू झालं... आणि थोडं पुढं गेलं. फाटकातून एक बाई आत आली, डोक्यावर टोपलं. काळीसावळी, पन्नाशीची, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी आणखी पुढं. बाईनं टोपलं उतरवलं, त्यात शिंगाडे. निर्मला उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली. मग पुन्हा आत गेली. या वेळी आणला तो माझा टॉवेल – निळ्या चौकड्यांचा, जुना, मी आंघोळीला घ्यायचो तो. तिनं तो मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे त्या बाईला दिले. बाईनं एकाला पिळा घालून त्याची चुंबळ केली, डोक्यावर टोपल्याखाली ठेवतात ती. सहाव्या दिवशी दोघी शिंगाडे सोलत बसल्या होत्या. बाई काहीतरी बोलली, जरा चिंतेनं. निर्मला तिच्याकडे पाहून हसली. मान मागे टाकून, तिची नेहमीची रीत. मग काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. ओठ हलताना मला दिसत होते आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

बाई टोपलं उचलून निघाली की माझी झोप मोडायची. रोज तिथंच.

मी सकाळपासून रात्रीची वाट पाहू लागलो. तोंड सुको, डोकं जड होवो, मला त्याचं काही नव्हतं. मला फक्त ऐकायचं होतं, ती काय बोलली ते. माझ्याबद्दल बोलली का? 'बसा म्हटलं तर बसले नाही' असं म्हणाली का? आणि मग मी ती चूक केली जी फक्त मेडिकलवालाच करू शकतो. गोळ्यांचा डबा माझ्याच रॅकमध्ये. डॉक्टरांना न विचारता एका रात्री दोन गोळ्या घेतल्या, म्हटलं स्वप्न पुढं सरकेल. स्वप्न आलंच नाही. सकाळी मोरीत भोवळ येऊन पडलो, कपाळाला खोक पडली. डॉक्टरांनी भरपूर झापलं. "तुम्ही दुकानदार आहात की पेशंट, एकदा ठरवा," म्हणाले.

त्यानंतर पुन्हा एकाच गोळीवर आलो, पण स्वप्न दोनदाच पडलं, तेही तिथवरच. दुसरा आठवडा संपला तसं तोंड सुकणं कमी झालं, सकाळचा जडपणा गेला आणि स्वप्नंही गेली. शरीराला औषधाची सवय होते, कागदात तेही लिहिलेलं आहे. मी रिकाम्या दुकानात बसून तो कागद फाडला.

घरभर टॉवेल शोधला. पेटी, माळा, धुण्याची बादली. मिळाला नाही. पंकजला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी छपरीत शिंगाड्याची सालपटं पडली असतील. तुम्ही पाहिली असतील, लक्षात नसेल. टॉवेल सापडत नव्हता हेही कुठंतरी डोक्यात असेल. मेंदूनं जोडलं सारं." मला पटलं. गिऱ्हाइकानं विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. त्या संध्याकाळी घर लोकांनी भरलं होतं, कोणीतरी छपरी झाडून घेतली असणार, सालपटं होती की नव्हती कोण सांगणार?

दिवाळी झाली. तिचं वर्षश्राद्ध झालं. पंकज परत गेला. त्या आठवड्यात मेडिकलवाल्यांचा एक दिवसाचा बंद होता, मी छपरीत पेपर घेऊन बसलो होतो. पावणेतीन झाले असतील. फाटक वाजलं.

"शिंगाडे घ्या न जी. कच्चे बी हायेत, उकडलेले बी हायेत."

मी वर पाहिलं. हनुवटीवर तीन ठिपके.

ती फाटकातून आत आली, आणि घर ओळखीचं असल्यासारखी थेट छपरीच्या पायरीशी येऊन तिनं टोपलं उतरवलं. डोक्यावर चुंबळ राहिली होती. धुऊन धुऊन विटलेली, पण निळ्या चौकड्या दिसत होत्या.

"बाई कोठी गेल्या?" तिनं विचारलं. "तुमी मालक व्हय न? मेडिकलवाले? बाई सांगत होत्या."

मी दुपारी अडीचनंतर घरी कधी नसायचो. ही बाई वर्षानुवर्षं आमच्या दारात येत असेल तरी मला दिसायची नाही.

"बाई नाही आता," मी म्हणालो. "वारली. मागच्या वर्षी."

ती पायरीवरच बसली. "काय सांगता जी! मागच्या साली मंडईच्या टायमाले त मी आल्ती. एथीच बसली होती बाईसंग." मग तिनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. "हा कपडा बाईनंच देल्ला मले. माही चुंबळ फाटून गेल्ती. नवा टॉवेल कायले फाडता म्हणलं, त म्हणे जुनाच हाये, मालकाले दुसरा घेऊन देते. मंग शिंगाड्याचा सिझन सरला, मी लेकीकडं गेली, इकडं येनंच नाही झालं."

"तेव्हा बरी होती का ती?" मी विचारलं.

"छातीवर हात ठिऊन बसल्या होत्या जी. मी म्हणलं, बाई, चेहरा काऊन असा दिसून राहिला? त म्हणे गॅस झाला. मले पानी आनून देल्लं. मी म्हणलं, तुमी कायले उठता, त आयकल्या नाही."

"अन् हसली कायले?"

ती हातातली चुंबळ तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली. "हासल्या हे तुमाले कोनं सांगलं? एथी त आमी दोघीच होतो."

मी टोपल्यातला एक शिंगाडा उचलून सोलायला घेतला.

"मी म्हणलं," ती हळू आवाजात सांगू लागली, "बाई, गॅस असा दम नाही लावत. मालकाले फोन करा. त हासल्या. म्हणे, आत्ताच त गेले ते, अन् कायले बलवू? गोळी देऊन गेले न. तुले माहीत नाही, त्यायच्या हाताले गुण हाये. सारं गोंदिया त्यायच्या गोळीनं बरं होते, मले नाही होनार का? जराशी पडते, उतरूनच जाते पाहा." ती थांबली. "मंग मीबी उठली जी. दुसरे घरं करायचे होते. कधी गेल्या मंग बाई?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "तू गेली अन् त्यानंतर."

तिनं पदर तोंडाला लावला. जाताना तिनं ओंजळभर शिंगाडे पायरीवर ठेवले, मी नको म्हटलं तरी. चुंबळ परत देऊ लागली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याजवळच.

हे सगळं जसं झालं तसं लिहिलं. सालपटं मी पाहिली असतील, मान्य. टॉवेलचं डोक्यात असेल, तेही मान्य. पण कधी न पाहिलेल्या बाईच्या हनुवटीवरचे ठिपके? आणि ते हसणं? एका छोट्या गोळीच्या गुंगीनं माणसाला न पाहिलेली दुपार कशी दिसते, हे मी डॉक्टरांना विचारलं, दोन जुन्या केमिस्ट मित्रांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, योगायोग. एक मित्र म्हणाला, गोळी बंद कर. दुसऱ्यानं विषय बदलला. गोळी चालू आहे, झोप लागते, स्वप्न पुन्हा पडलं नाही. दुकानात आता कोणी गॅसची गोळी मागितली की मी आधी स्टूल पुढं करतो आणि विचारतो, कहाँ दुख रहा है. लोक वैतागतात. वैतागू देत.

पंकज म्हणतो, बाबा, आई एकटी नव्हती, शेवटी हसली, एवढं तरी कळलं ना? समाधान माना. बरोबर बोलतो पोरगा. मी प्रयत्न करतो.

पण अकरा महिने मी या भीतीनं जागा होतो की तिनं मला हाक मारली असेल आणि मी नव्हतो. तिनं मारलीच नव्हती. तिला गरज वाटली नाही. मी दिलेली गोळी पोटात होती, म्हणून ती शांतपणे खाटेवर पडली आणि बरं वाटायची वाट पाहत राहिली.